देवडेकरांची आखाती शाखा

देवडेकर कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती १९९८ साली नाशिकला छापली गेली. तिच्यात उमाकांत देवडेकर यांची नोंद अशी आहे: ‘बी.कॉम. सौदी अरेबियात उच्च पदावर. पत्नी अहिल्या, माहेर सिन्नर, गृहकृत्यदक्ष. एक पुत्र, प्रसाद.’ त्या वर्षी उमाकांत दम्माममधल्या एका व्यापारी कंपनीच्या खरेदी विभागात कारकून होते. अहिल्याताई हुफूफच्या एका सरकारी रुग्णालयात डायलिसिस विभागात नर्स होत्या आणि त्यांना तिथे दहा वर्षं झाली होती. नोंदीतली पदवी, माहेर आणि पुत्र बरोबर होते.

नोंद भरून पाठवली होती उमाकांतच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी. दादांना सगळं माहीत होतं. नर्स हा शब्द ते लग्नाच्या बोलण्यांपासूनच टाळत आले होते. सून ‘वैद्यकीय क्षेत्रात’ आहे असं ते सांगत, आणि कोणी खोदून विचारलंच तर ‘सरकारी नोकरी’ म्हणून विषय बदलत. छापील पुस्तकात त्यांना तेही नको वाटलं. पुस्तक हुफूफला पोचलं तेव्हा अहिल्याताईंनी ती ओळ वाचली आणि पुस्तक कपाटावर ठेवून दिलं. तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या, आठवड्याचे सहा दिवस ड्यूटी होती, आणि ज्याच्याशी भांडायचं तो नवरा फक्त आठवड्याच्या सुट्टीला, गुरुवारी, दम्मामहून घरी यायचा. गुरुवार त्यांना भांडणात घालवायचा नव्हता.

दुसऱ्या आवृत्तीचं काम निघालं तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. सरकारी नोकरी संपून त्या एका खाजगी डायलिसिस केंद्रात लागल्या होत्या. करार वर्षावर्षाने वाढत होता. या वेळी मात्र ती ओळ त्यांना बरोबर हवी होती. पुढची आवृत्ती निघायला पुन्हा पंचवीस वर्षं लागली तर ती वाचायला आपण नसू, हा हिशेब त्यांनी केला होता.

हुफूफला आधी आल्या त्या अहिल्याताई. १९८८ साली उमाकांत कामाला होते तो सातपूरचा कारखाना बंद पडला. प्रसाद दोन वर्षांचा होता. सौदीतल्या सरकारी रुग्णालयांसाठी मुंबईत नर्सच्या मुलाखती चालू होत्या, त्यात त्यांची निवड झाली आणि ऑगस्टमध्ये त्या एकट्या विमानात बसल्या. नवऱ्याला आणि मुलाला बोलावण्याची परवानगी मिळायला दीड वर्ष गेलं. उमाकांत १९९० च्या सुरुवातीला आले, ते महरम म्हणून. एकट्या बाईसोबत घरचा पुरुष असावा, त्या पुरुषाला महरम म्हणतात. उमाकांतच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, धंद्याच्या जागी तोच शब्द होता आणि त्याखाली काम करण्यास मनाई असल्याचा शिक्का.

चार वर्षं उमाकांतनी पगाराचं काम केलं नाही. प्रसादला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, आणणं, त्याचा अभ्यास, बाजार, स्वयंपाक, कपडे हे सगळं त्यांनी केलं. १९९१ च्या जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं आणि रुग्णालयाने नर्सच्या सुट्ट्या रद्द केल्या, तेव्हा खिडक्यांना प्लास्टिक चिकटवून भोंगे वाजत असताना मुलाला पत्ते शिकवत बसणारे तेच होते. चौऱ्याण्णव साली दम्मामच्या कंपनीने त्यांचा इकामा स्वतःकडे घेतला आणि ते कारकून झाले. आता निवृत्तीनंतर ते पुन्हा बायकोच्या इकाम्यावर आले आहेत, आणि त्याची थट्टा तेच करतात. देशात राहण्यासाठी परदेशी माणसाची जामीनकी घेणारा तो कफील. उमाकांत सकाळी बायकोला हाक मारतात, “कफीलसाहेब, चहा झालाय.”

ही थट्टा घरातली. नाशकात ती पोचलेली नाही.

कुलवृत्तांताचं काम पाहणारा यज्ञेश हा उमाकांतचा चुलत पुतण्या. त्याने फोन करून काकांना आखाती शाखेचे समन्वयक केलं. शाखा लहान होती: हुफूफला उमाकांत, जिझानच्या रिफायनरीत एक इंजिनियर भाचा आणि कतारमध्ये कोणी दोघे, ज्यांच्याशी देवडेकरांचं नातं नक्की कसं लागतं याबद्दल यज्ञेशलाही शंका होती. पण उमाकांतनी काम मनावर घेतलं. भाचा देवडेकर नसल्यामुळे नियमाने गळतो, हे त्यांनीच यज्ञेशच्या लक्षात आणून दिलं.

अडलं ते सुनेपाशी. प्रसाद अमेरिकेत डेन्व्हरला असतो. त्याची बायको जोसी साउथ डाकोटाची. नोंदीत सुनेचं माहेर, वडिलांचं नाव आणि कुळाची थोडी माहिती लागते. उमाकांतनी जोसीला ईमेल केली. जोसीने तिच्या आत्याने टाइप केलेला घराण्याचा इतिहास पाठवला. तो सुरू होत होता तिच्या खापरपणजीपासून. नाव ऑगस्टा.

शुक्रवारी सकाळी अहिल्याताई भेंडी चिरत होत्या आणि उमाकांत समोर लॅपटॉप घेऊन बसले होते.

“अगं, ही बाई एकटी गेली. सव्वीस वर्षांची, लग्न न झालेली. स्वीडनहून इलिनॉयला आलेली, तिथून डाकोटात. सरकार जमीन देत होतं. पाच वर्षं तिथे राहून कसून दाखवायची, मग ती तुमची. बिनलग्नाच्या बाईला स्वतःच्या नावावर मागता यायची. लग्न झालेलीला नाही.”

“म्हणून केलं नसेल तिने लग्न.”

“ऐक तर. घर कशाचं, तर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांचं. पावसात छतातून चिखल गळायचा. झाडं नाहीत, लाकूड नाही, मग चूल कशावर? शेणावर! वाळलेलं शेण पोत्यात गोळा करून आणायची.”

“गोवऱ्या.”

“गोवऱ्याच! डाकोटात!” उमाकांतना हे फार आवडलं. “आणि नवरा नंतर आला. कार्ल. घराला दार बसवायला सुतार म्हणून बोलावला होता, तो राहिलाच.”

“मजुरीवर बोलावला, की महरम म्हणून?”

उमाकांत हसले आणि पुढचं पान वाचू लागले.

आत्याबाईंनी काही झाकलं नव्हतं. कार्ल दारू प्यायचा. एकदा पत्त्यांत घोडे हरला आणि दोन हिवाळे घरी आलाच नाही. दोन मुलं घटसर्पाने गेली. एक मुलगी फिरत्या विक्रेत्याबरोबर पळून गेली. ज्या जमिनीवर ऑगस्टाने घर बांधलं ती आधी कोणाची होती आणि त्यांना कसं हुसकावलं, यावरही एक पान होतं. उमाकांतना हे सगळं नवीन होतं. देवडेकर कुलवृत्तांतात कोणी दारू पीत नाही, कोणी नापास होत नाही आणि कोणाचाही कारखाना बंद पडत नाही.

त्यानंतरचा आठवडा उमाकांतच्या तोंडी ऑगस्टाच होती. पहिल्या हिवाळ्यात तिने काय खाल्लं, स्टेशनवर तिला घ्यायला कोण आलं होतं, भाषा कुठे शिकली, असे प्रश्न त्यांनी जोसीला लिहून पाठवले. दम्मामच्या मराठी मंडळातल्या दोघांना फोनवर तिची गोष्ट सांगितली. आणि पुढच्या शुक्रवारी मसुदा तयार करून कौतुकाने बायकोपुढे ठेवला.

जोसीच्या माहेरासाठी त्यांनी दोन परिच्छेद लिहिले होते. त्यात ऑगस्टा ‘परक्या मुलखात एकटीने पाय रोवणारी कर्तबगार स्त्री’ होती. अहिल्याताईंनी ते वाचलं. मग वरची नोंद वाचली. ‘उमाकांत. बी.कॉम. १९८८ पासून सौदी अरेबियात वास्तव्य. निवृत्त. पत्नी अहिल्या, माहेर सिन्नर, वैद्यकीय क्षेत्रात.’

“गृहकृत्यदक्ष काढलं बघ,” उमाकांत म्हणाले.

“हे अठ्ठ्याऐंशी कोणाचं?”

“आपलं. कुटुंबाचं.”

“अठ्ठ्याऐंशीला तुम्ही नाशकात होतात.”

“अगं, एकत्रच धरतात ते.”

“मग एकत्र माझ्या नावावर धरा.”

उमाकांतनी चष्मा काढून पुसला. अहिल्याताईंनी कागद त्यांच्याकडे सरकवला. “नर्स लिहा. मी आधी आले ते लिहा. तुम्ही नव्वदला आलात ते लिहा. एवढंच हवंय मला.”

“आणि नव्वद ते चौऱ्याण्णव मी काय करत होतो? काय लिहू? गृहकृत्यदक्ष?”

“होतातच की. माझ्यापेक्षा बरं करत होतात.”

“ते घरात म्हण तू. मी नाही म्हणत नाही. पण ते पुस्तक चारशे घरांत जाणार. ज्याला मी माहीत नाही तोसुद्धा वाचणार, की हा बायकोच्या जिवावर गेला आणि पोळ्या लाटत बसला. आणि दादांनी लिहिलेलं मी खोडू? छापून? माणूस गेलाय आता.”

“दादांनी माझं खोडलं तेव्हा मी जिवंत होते.”

उमाकांत उठले. वाद अडला की ते स्वयंपाकघरात जातात. तिथून भांड्यांचा आवाज येऊ लागला. अहिल्याताई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

“असं करा, माझं नाव गाळा.”

“काय?”

“नोंदीतून. खोटं छापण्यापेक्षा काहीच छापू नका.”

“रागात काहीतरी बोलू नकोस.”

“राग नाहीये,” त्या म्हणाल्या, आणि खरोखर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटबद्दल सांगावं तशा आवाजात त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. तीन दिवस उमाकांतनी वाट पाहिली. चौथ्या दिवशी त्यांचंही डोकं फिरलं आणि त्यांनी बायकोचं नाव खोडून नोंद यज्ञेशला पाठवून दिली. पाठवल्याचं त्यांनी जेवताना सांगितलं. अहिल्याताई बरं म्हणाल्या आणि भात वाढून घेतला.

त्या आठवड्यात घरात बोलणं कामापुरतं झालं. चहा वेळेवर होत होता, कफीलसाहेब ही हाक बंद होती.

जोसीचा व्हिडिओ कॉल आला तो अशा वातावरणात. शेजारी प्रसाद होता. जोसीला आई आणि बाबा हे दोन शब्द मराठीत येतात, बाकी सगळं इंग्रजीत चालतं. अहिल्याताईंचं इंग्रजी रुग्णालयातलं, आखूड वाक्यांचं आहे. उमाकांतचं चांगलं आहे, म्हणून अशा वेळी तेच बोलतात.

“बाबा, तुमचे प्रश्न मी आत्याला दाखवले,” जोसी म्हणाली. “ती खूश झाली. म्हणाली, आमच्या घरातल्या कोणीही ऑगस्टाबद्दल इतकं विचारलं नाही. आणि तिने एक उलट विचारलंय. आईसुद्धा एकट्याच आल्या ना सौदीत? त्यांचं काय? त्यांना घ्यायला कोण आलं होतं? पहिले दिवस कसे गेले?”

“ती ऑगस्टमध्ये आली,” उमाकांतनी सुरुवात केली. “सहार विमानतळावर आम्ही सोडायला गेलो होतो. प्रसाद माझ्या खांद्यावर झोपला होता. आणि मग ती…” ते थांबले. विमान सुटल्यानंतरचं त्यांना माहीत नव्हतं. पत्रं येत होती, पण प्रत्येक पत्रात मी मजेत आहे, काळजी नसावी आणि प्रसादला सर्दी आहे का, हेच असायचं. त्यांनी पत्रांपलीकडे कधी विचारलं नव्हतं. मान वळवून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“कोण आलं होतं घ्यायला?” त्यांनी मराठीत विचारलं.

“रुग्णालयाच्या ऑफिसचा माणूस. पुठ्ठ्यावर रुग्णालयाचं नाव लिहून उभा होता,” अहिल्याताई म्हणाल्या, आणि मग तेच इंग्रजीत जोसीला सांगितलं. पुढचंही त्या इंग्रजीतच, जोसीकडे बघून, सांगत गेल्या. विमान धाहरानला उतरलं. दुपार होती. दाराबाहेर पाऊल टाकल्यावर चष्म्यावर वाफ धरली आणि काहीच दिसेना. त्या माणसाने सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत गोळा केले. बसमध्ये केरळच्या मुली होत्या, फिलिपिन्सच्या होत्या, मराठी एकही नव्हती. वसतिगृहाला बाहेरून कुलूप असायचं. गुरुवारी रुग्णालयाची बस बाजारात न्यायची आणि आणायची, तेवढंच बाहेर.

“अरबी?” जोसीने विचारलं.

“नव्हती. पेशंट म्हणायचे ते शब्द लक्षात ठेवले. पहिला शब्द वजा. म्हणजे दुखतंय. तो लगेच येतो.”

पहिल्या महिन्यात खजुरीच्या बागा असलेला एक म्हातारा अहिल्याताईंकडून सुई टोचून घ्यायला तयार नव्हता. परक्या बाईचा हात नको म्हणायचा. सुपरवायझरने त्याला सांगितलं, मग आज मशीनवर बसू नकोस. तो चिडून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी धाप लागून परत आला. त्यानंतर मरेपर्यंत त्याने दुसऱ्या कोणाला टोचू दिलं नाही, आणि मोसमात खजुराचा डबा पाठवायला तो कधी विसरला नाही.

“आई, तुम्ही रडायचात का?”

“खोलीत आम्ही चौघी होतो. रडायला नंबर लागायचा.”

प्रसाद हसला, जोसी हसली. उमाकांत हसले नाहीत. अहिल्याताईंनी शेवटचं एक सांगितलं, तेही त्याच आवाजात. दीड वर्षाने प्रसाद विमानतळावर आला तेव्हा त्याने त्यांना ओळखलं नाही. बाबांच्या पायामागे लपला. पुढे कितीतरी दिवस तो बाबांनी भरवल्याशिवाय जेवला नाही. “बाबा नसते तर मला परत जावं लागलं असतं,” त्या म्हणाल्या. “नोकरी माझी होती. ती टिकली ती ह्यांच्यामुळे. ते पण आत्याला लिहायला सांग.”

“हे सगळं तुम्ही लिहून ठेवलंय ना कुठे?” जोसीने विचारलं.

“बाबा लिहितायत,” प्रसाद म्हणाला. “आमच्या घराण्याचं पुस्तक निघतंय.”

मग उमाकांतनी डेन्व्हरच्या हवेची चौकशी केली.

यज्ञेशचा फोन दोन दिवसांनी, दुपारी आला. अहिल्याताईंची संध्याकाळची ड्यूटी होती. त्या गणवेश घालून खुर्चीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होत्या. उमाकांतनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.

“काका, पुस्तक परवा छापखान्यात जातंय. तुमच्या नोंदीत काकूंचं नाव राहिलंय.”

“राहिलं नाही. गाळलंय.”

“म्हणजे?” यज्ञेशचा आवाज खाली आला. “काका, काही झालंय का? घरी सगळं…”

“घरी सगळं ठीक आहे. ती इथेच बसलीय. तिनेच सांगितलं गाळायला.”

“काकू, नमस्कार. अहो, असं कसं चालेल? वंशवृक्षात प्रसादला आईच नाही असं दिसतंय. समितीतले लोक मला विचारतायत, दुसरं लग्न झालं का म्हणून.”

अहिल्याताईंनी दुसरा बूट घेतला. उमाकांत त्यांच्याकडे बघत राहिले. त्या काही सुचवणार नाहीत, हे त्यांना दिसत होतं.

“यज्ञेश, पेन घे,” उमाकांत म्हणाले. “नोंद बदलायचीय. लिही. पत्नी अहिल्या, माहेर सिन्नर, नर्स.”

“वैद्यकीय क्षेत्रात लिहू का? बरं दिसतं.”

“नर्स लिही. १९८८ साली एकट्या सौदी अरेबियात आल्या. हुफूफ येथे डायलिसिसच्या कामात आजतागायत नोकरी. लिहिलंस?”

“लिहिलं. आणि तुमचं मग… पहिल्या आवृत्तीत आजोबांनी उच्च पदावर दिलंय.”

“ते चूक आहे.”

“आजोबांनी चूक…”

“चूक आहे. लिही. उमाकांत, १९९० साली पत्नीचे महरम म्हणून आले.”

“महरम म्हणजे काय, काका? लोकांना कळायला हवं.”

“सोबत म्हणून लिही मग. पत्नीच्या सोबतीला. १९९० ते ९४ नोकरी नाही.”

“मग काय करत होतात असं लिहू?”

“घरी होतो.”

“नुसतं घरी?”

“मुलगा सांभाळला. स्वयंपाक केला. तसंच लिही.”

“काका, पुरुषाच्या नोंदीत असं अख्ख्या पुस्तकात कुठे नाही.”

“असेल एक. त्यानंतर दम्मामला खरेदी विभागात कारकून, तेही घाल.”

यज्ञेशने टाइप केलं, वाचून दाखवलं. वाचताना ‘स्वयंपाक केला’ तो जरा घाईने म्हणाला. उमाकांत म्हणाले, ठीक. मग यज्ञेशने अडचण सांगितली. एका नोंदीला बारा ओळींची मर्यादा होती आणि ही आता वर गेली होती. “सूनबाईंच्या माहेरचे दोन परिच्छेद काढावे लागतील. किंवा काकूंचं थोडं आटोपशीर…”

“काकूंचं राहू दे,” उमाकांत म्हणाले. त्यांनी लॅपटॉपवरचे ते दोन परिच्छेद एकदा खालपर्यंत वाचले. “माहेर साउथ डाकोटा, एवढंच ठेव.”

फोन बंद झाला. खाली केंद्राच्या व्हॅनने हॉर्न दिला. अहिल्याताई उठल्या आणि गणवेशावर अबायाचा काळा झगा चढवून बटणं लावू लागल्या.

“ऑगस्टा गेली की गं सगळी,” उमाकांत म्हणाले.

“तिचं तिच्या माणसांनी लिहिलंय,” अहिल्याताई म्हणाल्या, आणि पर्स घेऊन जिना उतरल्या.